आखेनला पहिले दोन महिने: कागदपत्रं, खोली आणि स्वयंपाकघर

मावशी_बोरिवली

भाचीला जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच या तंत्रविद्यापीठात मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. सप्टेंबरअखेर पोहोचेल. एपीएस (पदवीच्या कागदपत्रांची पडताळणी), व्हिसा, श्पेरकोन्टो (खर्चाचे पैसे अडकवून ठेवायचं खातं) हे सगळं उरकलंय. वोनहाइममध्ये (विद्यार्थी वसतिगृहात) नंबर लागला नाही, पण तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने एक खोली मिळतेय. आता प्रश्न पोहोचल्यानंतरचे आहेत. कुठलं काम आधी, कुठलं नंतर? सोबत काय द्यायचं, काय नाही? पोरगी शाकाहारी आहे आणि पोळीशिवाय तिचं पान हलत नाही. "काळजी करू नका, सगळं होतं" असे प्रतिसाद कृपया नकोत, तपशील द्या.

पाँटश्ट्रासे

मावशी, सगळ्याची किल्ली एकच, पत्ता. तो नोंदला गेला की बाकीची कामं एकामागून एक सुटतात. तो अडला की बँक, विमा, व्हिसाची मुदतवाढ, सगळंच अडतं.

खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' लागते. नावाला घाबरू नका, घर देणाऱ्याच्या सहीचा एक पानी कागद आहे: अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही, आणि इथेच पुष्कळ जण परत पाठवले जातात. पोटभाड्याच्या खोलीत मूळ भाडेकरू हा कागद सही करून देऊ शकतो. म्हणून पैसे पाठवण्याआधी एवढंच विचारा, "या पत्त्यावर आनमेल्डुंग होईल का?" उत्तर नाही आलं किंवा टाळाटाळ झाली, तर खोली कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नोंदणीची वेळ निघण्यापूर्वीच भारतातून ऑनलाइन घ्या. ऑक्टोबरच्या तोंडावर सगळं गावच नवं आलेलं असतं, त्यामुळे दोन आठवड्यांतली वेळ मिळेलच असं नाही. घेतलेल्या वेळेची पोच मात्र जपून ठेवा. उशीर का झाला असं कुणी विचारलं तर तीच दाखवायची.

आणखी एक घोटाळा. आनमेल्डुंग करतं आखेन शहर, पण परदेशी नागरिकांचं कार्यालय, म्हणजे आउसलेंडरआम्ट, हे श्टेटेरेगिओन आखेनचं, म्हणजे आखेन आणि आसपासच्या गावांच्या मिळून जिल्ह्याचं आहे. दोन वेगळी खाती, दोन वेगळ्या वेळा. विद्यार्थ्यांसाठी त्याची एक शाखा टेम्प्लरग्राबेनवरच्या सुपर-सी इमारतीत आहे. आणि खोली वुर्झेलेन किंवा हेर्त्सोगेनराथला असेल, तर आनमेल्डुंग त्या गावच्या राटहाउसमध्ये (नगरपालिकेत) होते, आखेनमध्ये नाही.

निमशहरी

वरच्याला जोडून: टपालपेटीवरचं नाव. कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त घोळ यानेच होतो.

जर्मनीत पोस्टमन घर क्रमांक पाहून इमारतीपर्यंत येतो, त्यापुढे पेटीवरचं आडनाव वाचतो. फ्लॅटला बहुतेक ठिकाणी नंबर नसतोच. पेटीवर नाव नसेल तर पत्र "पत्त्यावर सापडत नाही" म्हणून परत जातं. आणि इथे सगळं पत्रानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दोन दिवसांनी दुसऱ्या पाकिटात, विम्याचं कार्ड, करक्रमांक (आनमेल्डुंगनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी आपोआप येतो). एक परत गेलं की पुन्हा मागवण्यात महिना जातो.

पहिल्याच दिवशी कागदाच्या पट्टीवर ठळक रोमन अक्षरांत आडनाव लिहून, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून पेटीवर आणि खालच्या बेलवर चिकटवा. मूळ भाडेकरूचं नाव काढू नका, त्याच्याखाली लावा. एकाच दारामागे दोन पाटील असतील तर पुढे आद्याक्षर.

आपल्याकडच्या नावांची खास गंमत म्हणजे पासपोर्टात 'दिलेलं नाव' या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं. विद्यापीठ एक घेतं, बँक दुसरं, विमा कंपनी तिसरं. मग विम्याचा निरोप विद्यापीठाच्या संगणकात जुळत नाही आणि प्रवेश अर्धवट दिसत राहतो. नियम साधा: सगळीकडे पासपोर्टातलं नाव, अक्षरन् अक्षर, वडिलांच्या नावासकट. सोयीसाठी कुठेही गाळू नका. पेटीवर मात्र फक्त आडनाव.

मावशी_बोरिवली

हे पेटीचं खरंच माहीत नव्हतं. तिच्या पासपोर्टात वडिलांचं नाव आहेच. पैशांचा अंदाज द्याल का कुणी? श्पेरकोन्टोतले पैसे पोहोचल्या दिवशीच मिळतात का?

हिशेबनीस_काका

नाही. श्पेरकोन्टोतून महिन्याला ठरावीक रक्कमच सुटते. सप्टेंबर २०२४ पासून ती ९९२ युरो आहे, वर्षाचे ११,९०४. पण हप्ता सुरू व्हायला आधी जर्मनीतलं चालू खातं लागतं, ते उघडायला पत्ता, आणि पुढे कार्ड-पिनची पाकिटं. पहिला हप्ता हातात पडेपर्यंत दोन-तीन आठवडे सहज जातात. नेमके याच काळात सगळ्यात मोठे खर्च येतात: पहिलं भाडं, अनामत, गादी-पांघरूण, विद्यापीठाचं सेमेस्टर शुल्क भरायचं राहिलं असेल तर तेही. वेगळे १,५०० ते २,००० युरो हाताशी ठेवा, त्यातले दोन-तीनशे रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर. आपलं क्रेडिट कार्ड बेकरीत, लहान दुकानांत बऱ्याचदा चालत नाही.

काउत्सिओन, म्हणजे अनामत, ही कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी. काल्टमीटे म्हणजे हीटिंग-पाणी धरण्याआधीचं कोरं भाडं. ती तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. खोली बघण्याआधी अनामत मागणारा, किंवा "मी परदेशात आहे, किल्ली कुरियरने पाठवतो" म्हणणारा शंभर टक्के भामटा समजा.

जाहिरातीत काल्ट लिहिलंय की वार्म ते बघा. वार्ममध्ये हीटिंगचा पैसा आला तरी तो बहुधा आगाऊ अंदाज असतो. वर्षअखेरीला नेबनकोस्टनचा (हीटिंग-पाण्यासारख्या वरखर्चाचा) हिशेब येतो आणि वापर जास्त झाला असेल तर फरक भरावा लागतो. पोटभाडं असेल तर त्याबद्दल आधीच लिहून घ्या: रक्कम ठोक आहे की हिशेब होणार? खोली ताब्यात घेताना भिंतीचे डाग, फरशीचे ओरखडे, मीटरचा आकडा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मूळ भाडेकरूला ईमेल करा. अनामत परत मिळताना तेच कामाला येतं.

विमा: तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्यविमा महिन्याला सुमारे १४०-१५० युरोंना पडतो. प्रवासविमा दाखवून विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही. विमा कंपनीच विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक निरोप धाडते. मात्र हा विमा बहुधा सेमेस्टर सुरू होतं त्या दिवसापासून, म्हणजे १ ऑक्टोबरपासून लागू होतो. ती सप्टेंबरअखेर पोहोचणार, तर मधल्या दिवसांपुरता प्रवासविमा हवाच.

सोलापुरी_चादर

टीव्ही नसेल तर टीव्हीची फी भरायची नाही, एवढं लक्षात ठेवा. त्या पत्रांकडे दुर्लक्ष करायचं.

हिशेबनीस_काका

चादरसाहेब, हा सल्ला घातक आहे. रुंडफुंकबाइट्राग, म्हणजे ही फी, २०१३ पासून घरटी आहे. टीव्ही, रेडिओ, लॅपटॉप, काही असो-नसो, फी लागते. महिन्याला १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. आनमेल्डुंग झाली की पत्ता त्यांच्याकडे आपोआप जातो, म्हणून पत्र येतंच. दुर्लक्ष केलं की दंड चढतो आणि पुढे वसुली अधिकारी.

सुटका एवढीच की फी माणशी नाही, फ्लॅटमागे आहे. चौघं राहत असतील तर एकानेच भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा नऊ आकडी वर्गणीक्रमांक कळवायचा. पोटभाड्याच्या खोलीत मूळ भाडेकरू भरत असेल तर त्याचा क्रमांक घेऊन उत्तर पाठवलं की विषय संपला. वोनहाइममध्ये सामायिक पॅसेजमध्ये उघडणारी स्वतंत्र खोली ही मात्र वेगळं घर धरतात.

सोलापुरी_चादर

बरं, चूक झाली. वरचं वाचून कुणी पत्र फाडू नका.

निमशहरी

पत्रांवरूनच: कधी सरकारी पत्राचं पिवळं पाकीट आलं तर त्यातला कागद काढून पाकीट फेकू नये. त्यावर पोस्टमनने हाताने लिहिलेली तारीख असते आणि मुदत त्या तारखेपासून मोजतात, पत्र उघडलं त्या दिवसापासून नाही. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला साधारण एक महिना मिळतो.

पाँटश्ट्रासे

व्हिसाची मुदतवाढ राहिली होती. पासपोर्टातला व्हिसा संपण्याआधी दोन-तीन महिने आउसलेंडरआम्टकडे निवास परवान्याचा अर्ज टाका. वेळ मिळेना म्हणून अर्जच न टाकणं ही मोठी चूक आहे. मुदतीच्या आत अर्ज पोहोचला तर निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क चालू राहतो. लागतात: पासपोर्ट, प्रवेशाचा दाखला, विम्याचा दाखला, पैशांचा पुरावा, आनमेल्डुंगचा कागद, भाडेकरार, १०० युरो. फोटो मे २०२५ पासून डिजिटलच लागतो, भारतातून छापून आणलेले फोटो इथे चालत नाहीत.

मधल्या काळात 'फिक्शन्सबेशाइनिगुंग' नावाचा घडीचा कागद मिळतो, निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला. त्यावर कुठल्या चौकटीत फुली आहे ते तिथल्या तिथे बघायचं. निवास कायद्याचं कलम ८१, परिच्छेद ४ असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. परिच्छेद ३ ची फुली असेल तर जर्मनीबाहेर पडू नये. आखेनमध्ये हा मुद्दा जरा विचित्र पद्धतीने समोर येतो. बसमध्ये बसून अर्ध्या तासात माणूस नेदरलँड्समध्ये उतरतो आणि सरहद्द कधी ओलांडली ते कळतही नाही.

मावशी_बोरिवली

हो, तेच विचारणार होते. फाल्स नावाच्या गावात एक खोली बरीच स्वस्त दिसतेय, विद्यापीठापासून लांबही नाही. तीन महिन्यांनंतर तिथे गेली तर?

पाँटश्ट्रासे

नको. फाल्स नेदरलँड्समध्ये आहे. युरोपीय संघाचे विद्यार्थी तिथे खुशाल राहतात, पण भाचीचा परवाना जर्मनीत राहण्याचा असेल. त्यावर नेदरलँड्समध्ये फिरायला जाता येतं, घर करता येत नाही. तिथे राहिली तर आखेनमध्ये आनमेल्डुंग नाही, आणि ती नाही म्हणजे मुदतवाढ नाही. बेल्जियमच्या बाजूला केल्मिस आहे, तिथेही तेच. स्वस्त हवं असेल तर जर्मनीच्या हद्दीत हेर्त्सोगेनराथ, कोल्शाइड, एश्वाइलर बघा. लोकल गाड्या आहेत आणि सेमेस्टर शुल्कातच येणारं जर्मनीभरचं तिकीट त्यांत चालतं. हे तिकीट आरई, आरबी, एस-बान या जवळच्या गाड्यांना आणि बसला चालतं, आयसी-आयसीई या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना नाही.

तिसरी_शिट्टी

फाल्सचा उपयोग वेगळाच आहे. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, फाल्समधली सुपरमार्केटं उघडी. शनिवारी संध्याकाळी दूध संपलं तर तेवढा आधार. फक्त तिथल्या बाटल्यांची अनामत जर्मन दुकानांतल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्रात मिळत नाही आणि इथल्याची तिथे. जर्मनीत कॅन आणि एकदा वापरायच्या प्लॅस्टिक बाटलीला २५ सेंट, बिअरच्या साध्या काचेच्या बाटलीला ८, पुन्हा भरायच्या प्लॅस्टिक बाटलीला १५. बाटली चेपू नका, बारकोड वाचता आला नाही की यंत्र ती परत बाहेर ढकलतं.

आता स्वयंपाक, माझा प्रांत.

नेऊ नये: तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या बॅगेतून आणायला बंदी आहे, घरचं साजूक असलं तरी. ताजा कढीपत्ता, मिरच्या, आंबेसुद्धा नाही, ताज्या भाज्या-फळांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून पाचच फळं सुटली आहेत: केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. नारळ चालतो म्हणून सामानात दोन टाकणारे असतात, पण तो तिथे मिळतोच.

न्यावं: हिंग (डबी दोन पिशव्यांत, नाहीतर कपड्यांना वर्षभर वास), गोडा मसाला, वाळवलेला कढीपत्ता, आमसुलं, मेतकूट, दाण्याची चटणी. प्रत्येकी पाव किलोच्या आत पुरे. तूरडाळ, पोहे, साबुदाणा भारतीय दुकानात मिळतात, त्यासाठी वजन वाया घालवू नका. मसूरडाळ, छोले, कोथिंबिरीची मोठी जुडी तुर्की दुकानात स्वस्त.

तूप: तिथेच करावं. लोण्याच्या २५० ग्रॅमच्या वडीवर दोन-तीन प्रकार लिहिलेले असतात. 'झाउअररामबुटर' लिहिलेलं घ्या, ते विरजलेल्या सायीचं असतं आणि कढवल्यावर वास आपल्याकडच्यासारखा येतो. एका वडीचं साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. कढवायचं नसेल तर 'बुटरश्माल्त्स' हे तयार तूपच. पण नुसतं 'श्माल्त्स' किंवा 'श्वाइनेश्माल्त्स' म्हणजे डुकराची चरबी! डबे शेजारी शेजारी असतात आणि रंगही फसवा. शाकाहारी मुलीला हा एक शब्द पाठ करून पाठवा. सोबत श्पेक (डुकराचं चरबीदार मांस), जेलाटिने (प्राण्यांपासूनचं जिलेटिन), रिंड (गोमांस) हेही.

दही: ३.५ टक्के स्निग्धांशाचं साधं नाटुरयोगुर्ट विरजणाला उत्तम. एक लिटर ताज्या दुधाला दोन चमचे. थंडीत खोलीत लागत नाही. ओव्हनचा फक्त दिवा लावून आत रात्रभर ठेवा.

कढीपत्ता

पोळीचं पीठ राहिलं! जर्मन पिठावर 'टूप' म्हणून आकडा असतो. १०० ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते, तो हा आकडा. आकडा जेवढा मोठा तेवढा कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळजवळ मैदा, त्याची पोळी गरम असताना ठीक, गार झाली की पापड. फोल्कोर्न म्हणजे अख्ख्या गव्हाचं, त्यावर आकडा नसतो. पण कोंडा जाड दळलेला असतो, नुसतं वापरलं तर लाटताना कड फाटते.

मिश्रण: दोन वाट्या १०५०, एक वाटी फोल्कोर्न (चाळून). ३०० ग्रॅम पिठाला १८० ते १९० मिली कोमट पाणी, थोडं तेल, अर्धा तास झाकून. अर्धा तास गाळू नका, कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. भारतीय दुकानात आटा मिळतोच, पण दहा किलोची पोती चढावरून घरी वाहून न्यायची असतात आणि आखेन हे बशीसारखं गाव आहे, मध्यभागातून कुठेही जायचं तर चढ.

उपम्याला 'हार्टवाइत्सनग्रीस' (कडक गव्हाचा रवा) घ्या, 'वाइषवाइत्सनग्रीस'चा गोळा होतो. बेसन म्हणजे 'किषरएर्ब्सनमेल'. 'हिर्झे' म्हणजे बाजरी नव्हे. ते वरीच्या जवळचं धान्य आहे, त्याची भाकरी करू नये, भगर करावी.

मावशी_बोरिवली

वा! कुकर आणि तवा द्यायचा का? आमच्याकडे दोन मतं आहेत.

तिसरी_शिट्टी

आधी मूळ भाडेकरूला चुलीचा फोटो मागवा. गुळगुळीत काळ्या काचेच्या दोन जाती असतात आणि वरून सारख्याच दिसतात. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर बिनकामाचा. बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. सेरान, म्हणजे काचेखाली तापणारी तार असेल तर कुठलीही धातू चालते, पण बूड सपाट हवं. आपला खोलगट लोखंडी तवा काचेवर मध्ये नुसता टेकतो, कडा गारच राहतात. सपाट बिडाचा किंवा पोलादी तवा न्या.

माझं मत: तीन लिटरचा, स्टेनलेस, इंडक्शनचं बूड असलेला कुकर द्या, सोबत दोन रबरी रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. कुकर काय मिळेलही, त्याच मापाची रिंग मिळत नाही.

कढीपत्ता

माझं मत उलट. दोन किलो वजन कशाला? तिथला 'श्नेलकोखटोप्फ' घ्यावा, जुना २०-३० युरोंना मिळतो. त्याला शिट्टी नसते, झाकणावर दांडी वर येते आणि तिच्यावर दोन रेघा असतात. दुसरी रेघ दिसली की आच कमी करून मिनिटं मोजायची. अर्धा तास भिजवलेली तूरडाळ आठ-दहा मिनिटं, भात चार-पाच. शिट्ट्या मोजायची सवय असलेल्यांची पहिल्या दोन दिवसांत खिचडी होते एवढंच.

तिसरी_शिट्टी

जुन्याची रिंग कडक झालेली असते आणि नवी रिंग दहा-पंधरा युरो! पण असो, दोन्ही चालेल. सेरानवर एक जपा: साखरेचा पाक किंवा गूळ काचेवर सांडला तर तो गार होऊ देऊ नका, गार होताना काचेचा टवका निघतो. गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढा. फोडणीचं जुनं तेल मोरीत ओतू नये. थंडीत नळीत गोठतं आणि चोंदलेल्या नळीचं बिल भाडेकरूकडे येऊ शकतं. बरणीत साठवून, झाकण लावून, उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात.

मिक्सर: व्होल्टेज २३०, आपल्यासारखंच, त्यामुळे चालतो. तीन पिनांचा प्लग मात्र बसत नाही. अर्थिंग असलेला शुको (जर्मन प्लगचा) अडॅप्टर भारतातूनच घ्या. आणि रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची असते, सकाळी साडेपाचला चटणी वाटू नका.

खिडकी_उघडा

नावाप्रमाणे प्रतिसाद.

जर्मन खिडकीचं हँडल तीन जागी थांबतं. खाली असेल तर बंद. आडवं केलं की खिडकी दारासारखी पूर्ण उघडते. वर केलं की वरून फक्त तिरकी होते. उघड्या खिडकीतच चुकून हँडल वर केलं तर ती खालच्या एका बिजागरीवर लटकल्यासारखी दिसते. मोडलेली नसते. बिजागरीकडचा वरचा कोपरा चौकटीत दाबून धरा, हँडल आडवं करा, बसेल.

हिवाळ्यात खिडकी तासन् तास तिरकी ठेवणं हेच बुरशीचं मूळ. हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतालची भिंत गार पडते आणि खोलीतली वाफ तिथे जाऊन पाणी होते. महिनाभरात काळे ठिपके. मग घरमालक अनामतीतून पैसे कापू बघतो. त्यापेक्षा हीटर बंद करून दिवसातून तीन-चारदा खिडकी पूर्ण उघडायची, कडक थंडीत पाच मिनिटं, एरवी दहा. भात-डाळ शिजवल्यावर आणि अंघोळीनंतर लगेच. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात आणि कितीतरी भाडेकरारांत तसं लिहिलेलंही असतं. धुतलेले कपडे खोलीत वाळवले की एका खेपेतून दोनेक लिटर पाणी हवेत येतं, त्या दिवशी जास्त वेळा उघडा. दहा युरोंचं आर्द्रतामापक घ्या, काटा ४० ते ६० टक्क्यांत ठेवायचा.

हीटरच्या गुंडीवरचे आकडे म्हणजे पंख्याचा वेग नव्हे, खोलीचं तापमान: १ म्हणजे साधारण १२ अंश, २ ला १६, ३ ला २०, ४ ला २४, ५ ला २८. पाचवर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त २० अंशांवर थांबत नाही. तीनवर ठेवा आणि गुंडीवर पडदा किंवा टॉवेल येऊ देऊ नका, नाहीतर तिला वाटतं खोली तापली.

निमशहरी

आणि दार! बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा. दार ओढलं की लागलं, किल्ली आत तर माणूस बाहेर. रात्री कुलूपवाल्याला बोलवायची पाळी आली तर येण्याआधी फोनवर एकूण रक्कम ठरवून घ्या, आणि सांगा की दार नुसतं ओढलं गेलंय, कुलूप फिरवलेलं नाही. ते काही मिनिटांचं काम असतं, कुलूप फोडावं लागत नाही. एक किल्ली विश्वासू मैत्रिणीकडे ठेवणं सगळ्यात स्वस्त.

सोलापुरी_चादर

कचऱ्याबद्दल कुणी लिहिलं नाही. कागद वेगळा, पॅकिंगचं प्लॅस्टिक-पत्रा वेगळा, ओला वेगळा, उरलेलं वेगळं. ओल्यात प्लॅस्टिकची पिशवी टाकू नका, कागदात गुंडाळा. अनामत नसलेली काच रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत, पांढरी-तपकिरी-हिरवी अशी. निळी बाटली हिरव्यात. रविवारी आणि रात्री तिथे काच टाकायची नाही, आवाजासाठी. (यावेळी खात्री करून लिहिलंय, काका.)

हिशेबनीस_काका

बरोबर आहे. :) नोकरीचं थोडक्यात: मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातली 'हिवी' (विद्यार्थी-सहायकाची) नोकरी त्यात धरत नाहीत. सेमेस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांवर गेलं की विमा विद्यार्थी म्हणून धरत नाही आणि हप्ता बदलतो, पुष्कळांना हे पगारपत्रक हातात आल्यावर कळतं. पगारातून कर कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मागता येतो, मागच्या चार वर्षांपर्यंतचा.

मावशी_बोरिवली

आजारी पडली तर?

खिडकी_उघडा

कुटुंबाचा डॉक्टर, 'हाउसआर्त्स्ट', बरी असतानाच शोधून ठेवायचा. बरेच दवाखाने नवे रुग्ण घेत नाहीत आणि ते ताप आल्यावर कळलेलं बरं नसतं. रात्री-रविवारी, जिवावरचं नसेल तर ११६११७. जिवावरचं असेल तर ११२. पॅरासिटामॉलसुद्धा फक्त औषधाच्या दुकानात, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुठेच नाही. चिठ्ठीच्या औषधाला प्रत्येकी पाच ते दहा युरो स्वतःचे. नेहमीची औषधं असतील तर तीन महिन्यांची द्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, औषधाच्या मूळ घटकाच्या नावासकट. ब्रँडची नावं तिथे कुणाला कळत नाहीत.

जाड कोट मुंबईत घेऊ नका. आखेनला बर्फ थोडं, पाऊस-वारा फार. पाणी न शिरणारं टोपीवालं जाकीट तिथे घ्यावं, आत स्वेटर. छत्री वाऱ्याने उलटी होते.

पाँटश्ट्रासे

फोनसाठी: ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. तोवर भारत साडेतीन तास पुढे, नंतर साडेचार. पहिल्या सोमवारी ती फोन उचलत नसेल तर वर्गात आहे असं समजा.

आणि फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला कार्निवलच्या आधीच्या गुरुवारी दुपारपासून आणि रोझनमोन्टागला (कार्निवलच्या सोमवारी) कार्यालयांत कुणी भेटेल अशी आशा धरू नका. मुदतवाढीची वेळ त्या आठवड्यात आली तर ती खरंच चालू आहे ना, ते आदल्या आठवड्यात विचारून घ्या.

मावशी_बोरिवली

सगळं वहीत उतरवून घेतलं. चुलीचा फोटो आला, सेरान आहे. कुकर देतेय, रिंगा दोन. आणि आडनावाची पट्टी इथूनच छापून देते, किती मोठी हवी?

निमशहरी

पेट्या वेगवेगळ्या मापाच्या असतात, पण पाच-सहा सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर रुंद बहुतेक ठिकाणी बसते. चार प्रती द्या. एक पेटीला, एक बेलला, एक दाराला, एक पुढच्या खोलीसाठी.